चौथी नोकरी, तोच साहेब

प्रश्न : मी 44 वर्षांचा आहे. पुण्यात एका खासगी कंपनीच्या डिझाइन विभागात काम करतो. गेल्या महिन्यात चौथ्यांदा राजीनामा लिहिला, अजून दिलेला नाही. प्रत्येक नोकरीत तेच होतं. नवा साहेब सुरुवातीला फार मोठा माणूस वाटतो, त्याच्यासाठी मी रात्र रात्र जागतो. वर्ष-दीड वर्षाने तो एखाद्या मीटिंगमध्ये माझं काम दुसऱ्याच्या नावावर सांगतो, किंवा माझ्याकडे बघतही नाही, आणि माझ्या मनातून कायमचा उतरतो. मी बोलत काहीच नाही. दुसरीकडे अर्ज टाकायला लागतो. घरीही हेच. बायकोने काही मागितलं, चूक दाखवली, की मी चार-चार दिवस गप्प. (माझे वडीलही असेच गप्प बसायचे. ते पाटबंधारे खात्यात होते, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे माझ्या पाच शाळा झाल्या. पण ते कडक असले तरी वाईट नव्हते.) मुलगा दहावीत आहे, तो हल्ली मला टाळतो. झोप लागेना म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्यांनी झोप सुधारली. आता ते म्हणतात, सायकोडायनॅमिक थेरपी घ्या. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वयात आईवडिलांना दोष देत बसून काय मिळणार? वडील 76 वर्षांचे आहेत, माझ्याकडेच असतात. आणि नुसतं बोलून माणूस बदलतो का?

उत्तर : राजीनामा लिहिलाय पण दिलेला नाही, हे वाचून मला बरं वाटलं. शक्य असेल तर तो सध्या तसाच राहू द्या. साहेबांचं चुकत नाही असं मी म्हणत नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवणारे वरिष्ठ पुष्कळ असतात, तुमचा राग अगदी रास्त असू शकेल. पण तीन ठिकाणी शेवट एकाच पद्धतीने झाला, चौथ्या ठिकाणी तसाच व्हायच्या बेतात आहे, आणि प्रत्येक वेळी नेमकं काय लागलं हे कुणालाही न सांगता तुम्ही निघालात किंवा निघायच्या तयारीत आहात. इथे नोकरीपेक्षा जुनं काहीतरी आहे. ते या घडीला, या साहेबांच्या बाबतीत, अगदी ताजं आहे. थेरपी सुरू करायला अशी वेळ फार उपयोगाची असते.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण थेरपीत काय घडतं ते समजलं की पहिल्याचं उत्तर सोपं होतं.

ही पद्धत फ्रॉईडच्या मनोविश्लेषणातून निघाली. कोचावर आडवं पडायचं, आठवड्यातून चार-पाच दिवस यायचं, असं वर्षानुवर्षं चालायचं, हे मनोविश्लेषणाचं चित्र. सायकोडायनॅमिक थेरपी त्यामानाने साधी असते. समोरासमोर दोन खुर्च्या, आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, 45 ते 50 मिनिटं. फ्रॉईडच्या बऱ्याच कल्पना नंतरच्या लोकांनी बाजूला ठेवल्या. पण 1914 सालच्या एका छोट्या निबंधातलं त्याचं निरीक्षण आजही या कामाच्या मुळाशी आहे : माणसाला जे आठवत नाही ते तो कृतीतून पुन्हा करतो, आणि आपण पुन्हा तेच करतोय याचा त्याला पत्ता नसतो. फ्रॉईडचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. रुग्ण येऊन असं सांगत नाही की लहानपणी मी आईवडिलांच्या अधिकाराला विरोध करायचो. तो डॉक्टरशीच तसा वागायला लागतो.

मग या पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीचा आकार ओळखायचा कसा? लेस्टर लुबोर्स्की नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात त्यासाठी एक फार कामाची रीत बसवली. माणूस आपल्या नात्यांमधले जे जे प्रसंग सांगतो, त्या प्रत्येकात तीन गोष्टी शोधायच्या. त्याला समोरच्याकडून काय हवं होतं? समोरच्याने काय केलं, किंवा तो काय करेल असं याला वाटलं? आणि मग याने स्वतः काय केलं? दहा-बारा प्रसंग असे ऐकले की वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींमधून एकच गोष्ट डोकं वर काढते.

तुमच्या पत्रावर हे लावून बघू. आधीच सांगते, हा माझा अंदाज आहे. पत्रावरून कुणाचं मन वाचता येत नाही आणि तसा दावा कुणी केला तर त्याच्यापासून लांब राहा. तुम्हाला हवं असतं की एका मोठ्या माणसाने तुमची किंमत ओळखावी, तीही तुम्ही न मागता. म्हणून रात्रीची जागरणं. तुमची आतली अपेक्षा अशी दिसते की तो बघणार नाही, पाठ फिरवेल. म्हणून एका मीटिंगमध्ये नजर वळली तेवढी पुरावा म्हणून पुरते, वर्षभराचं चांगलं वागणं त्यापुढे पुसलं जातं. आणि मग तुम्ही गप्प होता आणि जायची तयारी करता. आता बायकोबरोबरचे प्रसंग यात घालून बघा. तिने चूक दाखवली की तुम्हाला तिचं वाक्य ऐकू येतं की दुसऱ्याच कुणाचा जुना निकाल ऐकू येतो?

पाच शाळांचं तुम्ही कंसात लिहिलंत. माझी नजर तिथेच अडकली. दर तीन वर्षांनी सामान ट्रकमध्ये चढताना पाहणारं पोर काय शिकत असेल? नवीन वर्गात चटकन चांगलं ठरायचं, नवीन गुरुजींना खूश करायचं, आणि फार जीव लावायचा नाही, कारण जायचंच आहे. मागे राहिलेल्या मित्रांबद्दल रडू आलं तर ते दाखवायचं कुणाला? वडील गप्प, आई संसार बांधण्यात गुंतलेली. त्या मुलाने काढलेला मार्ग शहाणपणाचाच होता, त्याच्या आधाराने तो निभावून गेला. अडचण एवढीच की चव्वेचाळिसाव्या वर्षीही तोच मार्ग आपोआप चालू होतो, बदलीची ऑर्डर आलेली नसतानाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी याची मांडणी फार नेटकी केली आहे. 1969 ते 1980 या काळात त्यांचे मुलांच्या जिव्हाळ्याविषयी आणि ताटातुटीविषयी तीन खंड आले. त्यांचं म्हणणं असं की जवळच्या माणसांच्या रोजच्या वागण्यावरून मूल मनात एक नकाशा तयार करतं : मी रडलो तर कुणी येतं का, मी हवाहवासा आहे का, लोकांवर विसंबून चालतं का. पुढची नाती आपण त्या नकाशावरून चालतो. तो बदलू शकतो, यावर बोल्बींचा भर होता. पण त्यासाठी नकाशाशी न जुळणारा अनुभव यावा लागतो, नुसता उपदेश पुरत नाही.

तो अनुभव थेरपीच्या खोलीत कसा येतो, हे मला तुम्हाला नीट सांगायचंय.

पहिले काही आठवडे तुम्हाला थेरपिस्ट फार चांगले वाटतील. इतकं नीट ऐकणारं माणूस पूर्वी भेटलंच नव्हतं, असंही वाटेल. तुम्ही वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचाल, विचारलेल्याचा अभ्यास करून जाल, त्यांना काय आवडेल ते बोलाल. मग केव्हातरी मे महिन्यात थेरपिस्टबाई दोन आठवड्यांच्या रजेवर जातील. किंवा तुम्ही सांगितलेल्या एखाद्या सहकाऱ्याचं नाव विसरतील. तुम्ही काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना घड्याळाकडे त्यांची नजर जाईल. वरून तुम्हाला काहीच वाटणार नाही. पुढच्या आठवड्यात मात्र ट्रॅफिक लागेल, उशीर होईल. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल, आता बरंच बरं आहे, थांबू या का? मनातून त्या उतरलेल्या असतील, पाचव्या साहेबासारख्या.

या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा क्षण तो. जुन्या माणसाबद्दलच्या भावना आजच्या माणसावर येऊन बसतात त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात, आणि तो प्रत्येक नात्यात थोडाफार असतो. फरक असा की ऑफिसात साहेब त्यावर उखडतो, घरी बायको रडते किंवा तीही अबोला धरते, आणि तुमचा अंदाज पुन्हा खरा ठरतो. थेरपिस्टने यासाठीच शिक्षण घेतलेलं असतं. त्या रागावणार नाहीत, मनधरणीही करणार नाहीत. विचारतील, ‘मी रजेवर गेले त्यानंतर काहीतरी बदललं असं वाटतंय, तुम्हाला काय वाटलं होतं?’ तुम्ही आधी म्हणाल, ‘छे, काही नाही.’ त्या विषय सोडणार नाहीत. आणि एखाद्या दिवशी, बहुधा वेळ संपायला दोन मिनिटं असताना, तुमच्या तोंडून निघेल : ‘खरं सांगू? मला राग आला होता.’

राग आला असं ज्याच्यावर राग आहे त्यालाच सांगितलं, आणि तो माणूस गेला नाही. त्याने तुम्हाला कमी लेखलं नाही. पुढच्या आठवड्यात खुर्ची तिथेच होती. तुमच्या नकाशात ही शक्यता बहुतेक नाहीच. एकदा घडून ती नोंदली जाणार नाही, पुष्कळदा घडावी लागेल. डेव्हिड मलान या लंडनच्या तज्ज्ञांनी हे त्रिकोणाने दाखवलं आहे : एका टोकाला भूतकाळातली माणसं, एका टोकाला आजची माणसं, तिसऱ्या टोकाला समोर बसलेला थेरपिस्ट. तिन्ही ठिकाणी तोच धागा सापडला की माणसाला तो बुद्धीने कळतो आणि आतूनही पटतो.

म्हणून माझी तुम्हाला एकच आग्रहाची विनंती आहे. थेरपी सोडावीशी वाटेल तेव्हा निघून जाऊ नका. सोडावीशी वाटतेय हे सांगायला एकदा जा. बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा. तुम्हाला बोलून काय होतं असं वाटतं, कारण आजवर बोलणं नेहमी त्या माणसाच्या पाठीमागे झालं, मित्राजवळ किंवा मनातल्या मनात. त्याच्या समोर बसून बोलणं तुमच्या आयुष्यात अजून घडायचंय.

हे कळल्यावर लगेच बदल होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ‘वडिलांमुळे मी असा झालो’ हे वाक्य हुशार माणसाला तिसऱ्याच सेशनमध्ये सापडतं आणि चौथ्या सेशननंतर तो घरी जाऊन तसाच गप्प बसतो. फ्रॉईडच्या त्याच निबंधात आठवणं आणि पुन्हा करणं यांच्या पुढची तिसरी पायरी आहे, तीच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी परत परत हाताळत राहण्याची. ती कंटाळवाणी असते. खरा बदल तिथे होतो. त्याच्या खुणा साध्या असतात. चार दिवसांचा अबोला दोन दिवसांवर येतो. मीटिंगमधून बाहेर पडल्यावर लगेच नोकरीची साइट उघडली जात नाही. एखाद दिवशी तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणता, ‘ते ड्रॉइंग माझं होतं, माझं नाव यायला हवं होतं.’ साहेब ऐकतील किंवा नाही ऐकणार. त्यानंतरही नोकरी सोडायची ठरवलीत तर तो तुमचा निर्णय असेल, आणि मी त्याच्या बाजूने असेन.

आता वडिलांविषयी. दोष द्यायला कुणी सांगणार नाही. उलट, चांगली थेरपी बहुतेक वेळा दोषाच्या पलीकडे घेऊन जाते. आज तुमच्या मनात वडिलांबद्दल दोनच कप्पे दिसतात, चांगले किंवा वाईट, आणि ‘वाईट नव्हते’ असं म्हटलं की पुढचं सगळं बंद होतं. ते चांगले होते आणि त्यांच्या गप्प बसण्याने लहानपणी तुम्हाला धडकी भरायची, ही दोन्ही वाक्यं एकत्र खरी असू शकतात. पहिल्याचा आदर राखून दुसऱ्याचं दुःख करता येतं. कदाचित असंही लक्षात येईल की दर तीन वर्षांनी उखडलं जाणारं त्यांचंही घर होतं आणि त्यांचं दुःख विचारणारं कुणी नव्हतं. या सगळ्यात त्यांना समोर बसवून जाब विचारायची काही गरज नाही. ती खोली तुमची आहे. तिथलं बोलणं घरी आणायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

आपल्याकडे हे अवघड जातं, याची जाणीव या क्षेत्रात अगदी सुरुवातीपासून आहे. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 सालीच भारतातली मनोविश्लेषणाची संस्था काढली. फ्रॉईडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि भारतीय रुग्णांमध्ये काही गोष्टी वेगळ्या दिसतात, हे ते त्याला निर्भीडपणे कळवत होते. तेव्हा तुमचे थेरपिस्ट असे हवेत ज्यांना 76 वर्षांचे वडील आणि 44 वर्षांचा मुलगा एका घरात राहणं हा आजार वाटत नाही.

मराठी वाचकाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत जास्त ओळखीची आहे, कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. ती आजच्या विचारातली चूक पकडून बदलायला शिकवते आणि अनेकांना, विशेषतः ठरावीक भीती किंवा चिंता असेल तर, लवकर उपयोगी पडते. तुमच्या डॉक्टरांनी दुसरी वाट सुचवली ती, मला वाटतं, तुमचा त्रास एका विचारापेक्षा नात्यांच्या घडणीत जास्त आहे म्हणून. दोन्हींत उच्चनीच नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये नैराश्याच्या 341 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात विचार-वर्तन थेरपी (एलिसची पद्धत याच घराण्यातली) आणि सायकोडायनॅमिक थेरपी, दोन्हींची 16 सेशन्स दिली. परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र पूर्ण बरे झालेले दोन्हीकडे मिळून सुमारे 23 टक्केच होते, म्हणजे 16 भेटी अनेकांना अपुऱ्या पडल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी 2010 साली सायकोडायनॅमिक थेरपीवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातलं मला आशेचं वाटलेलं हे की या थेरपीचा फायदा ती संपल्यावरही वाढत राहिलेला दिसतो. तुमच्यासारख्या तक्रारीला वर्षभराची तयारी ठेवा. सहा महिन्यांनी दोघांनी मिळून आढावा घ्या.

थेरपिस्ट निवडताना नुसत्या पाटीवर जाऊ नका, कारण काउन्सेलर ही पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, ते विचारा. सायकोडायनॅमिक पद्धतीचं शिक्षण कुठे झालं, स्वतः कुणा ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात का, स्वतः थेरपी घेतली आहे का, हेही बेलाशक विचारा. चांगल्या थेरपिस्टला यात अपमान वाटत नाही. फी परवडत नसेल तर पहिल्याच फोनवर सांगा, बरेच जण आणि बऱ्याच संस्था कमी दरात काही वेळा राखून ठेवतात. पैशांबद्दल मनात कुढत राहणं हाही तुमच्या जुन्या सवयीचाच भाग होईल. आणि शक्यतो मराठीतच बोला. ऑफिसातलं इंग्रजी नीटनेटकं असतं, तुमच्यातल्या त्या पाच शाळा बदलणाऱ्या मुलाला ते येत नव्हतं. पहिल्या भेटीला मला लिहिलेलं पत्र वाचून दाखवा, कंसासकट.

थेरपीचा परिणाम व्हायला वेळ लागेल, मुलाकडे मात्र तेवढा वेळ नाही. दहावीचं वर्ष आहे म्हणून त्याच्याशी बोलणं पुढे ढकलू नका. अबोला एका दिवसात जाणार नाही, पण तो संपल्यावर काही झालंच नव्हतं असं वागणं तुम्ही आजपासून थांबवू शकता. पुढच्या वेळी गप्प झालात की बायकोला निदान एवढं सांगा : ‘मला आत्ता बोलता येत नाहीये, मी तुझ्यावर रुसलेलो नाही, उद्या रात्री बोलतो.’ आणि उद्या रात्री खरंच बोला, पाच मिनिटं का होईना. मुलालाही सांगा की मी गप्प होतो त्यात तुझी चूक नसते. तो ‘हं’ म्हणेल आणि मोबाइलमध्ये डोकं घालेल. त्याला लगेच जवळ यायला लावू नका, तुम्ही सांगत राहा. पाच शाळा बदललेल्या मुलाला हे वाक्य कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. थेरपी सुरू झाली की सुरुवातीला झोप पुन्हा बिघडू शकते, जुन्या गोष्टी वर येतात. तसं झालं तर दोघांनाही कळवा, डॉक्टरांना आणि थेरपिस्टना. कधी जगणं नकोसं वाटण्याइतकं मन खचलं तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.